कार्डाची पाठ

मागे तांबूस-पिवळा एकरंगी पडदा, मधोमध पाडलेला भांग, कॅमेऱ्याला टाळून बाजूला गेलेली नजर, गळ्यापर्यंत बंद केलेला सदरा आणि छातीवर गावाचं नाव. बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं हे चित्र साडेतीन सेंटीमीटरांहून जेमतेम रुंद आणि साडेसहांहून थोडंसं उंच. भोवती पांढरी चौकट, तिच्या खालच्या पट्टीत तपकिरी अक्षरांत नाव आणि पिट्सबर्ग. सिगारेटच्या पाकिटात फुकट मिळालेला हा पुठ्ठ्याचा तुकडा. 2022च्या ऑगस्टमध्ये त्याची एक प्रत साडेबहात्तर लाख डॉलरना विकली गेली. ती प्रत काही कोरी करकरीत नव्हती. अवस्थेबद्दल तिला दहापैकी दोन गुण होते. आमच्या मास्तरांनी एवढ्या गुणांत कुणाला वरच्या वर्गात घातलं नसतं.

बेसबॉल मला कळत नाही. चेंडू हुकला तरी फलंदाज उभाच कसा राहतो, हे कुणी कितीदा समजावलं तरी डोक्यात राहत नाही. माझं वेड छापील कागदाचं. तिकिटं, लेबलं, पावत्या, औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठ्या, म्हणजे जे जपण्यासाठी छापलेलंच नसतं असं सगळं. त्या वाटेनं मी या कार्डापाशी पोचलो आणि पाहता पाहता वॅग्नरला ओलांडून पुढे गेलो. कारण त्याची गोष्ट सगळे सांगतात. तो नाही म्हणाला, म्हणून त्याचं कार्ड थोडकं छापलं गेलं, म्हणून ते महाग. गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. थोडकं छापलं गेलेलं जगात पुष्कळ असतं. ते थोडकं आहे हे कुणाला तरी ठाऊक असावं लागतं, आणि त्यासाठी आधी बाकीचं सगळं कुणी तरी मोजलेलं असावं लागतं.

तर आधी बाकीचं सगळं. अमेरिकन टोबॅको कंपनीनं 1909 ते 1911 या काळात ही कार्डं आपल्या सिगारेटच्या आणि तंबाखूच्या पाकिटांतून वाटली. पाकिटं मऊ कागदाची. आत पुठ्ठा घातला की सिगारेट मोडत नाही, ही मूळची सोय. पुठ्ठा घालायचाच तर त्यावर चित्र का नको, ही एकोणिसाव्या शतकातली युक्ती. 1890 साली पाच मोठ्या कंपन्या एकत्र होऊन जेम्स ड्यूकच्या हाताखाली मक्तेदारी आली, स्पर्धा संपली आणि चित्रंही आटली. ज्याला गिऱ्हाईक ओढायचं नाही तो चित्रं कशाला वाटेल? पुढे तुर्की तंबाखूच्या सिगारेटींनी बाजारात शिरकाव केला आणि कंपनीला पुन्हा खेळाडू आठवले. 1911च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मक्तेदारीच्या गुन्ह्यासाठी कंपनी मोडायचा हुकूम दिला. ही सगळी मालिका त्या मधल्या फटीतली आहे.

छपाई न्यूयॉर्कच्या अमेरिकन लिथोग्राफिक कंपनीची. रंगीत शिळाछपाई, एकावर एक चढवलेले रंग. साधारण याच वर्षांत आपल्याकडे मळवलीच्या रविवर्मा छापखान्यातून लक्ष्मी आणि सरस्वती याच तंत्रानं निघत होत्या. त्या आपल्याकडे चौकटीत बसून देव्हाऱ्याजवळ गेल्या, आणि तिकडे पिचर-कॅचर पोरांच्या खिशात गेले. दुकानाबाहेर उभी राहून पोरं सिगारेट घेणाऱ्यांकडे चित्रं मागायची. धूर बापाचा, चित्र पोराचं.

या मालिकेत 524 वेगवेगळी कार्डं धरतात. मोठ्या संघांतले खेळाडू आहेत, दक्षिणेकडच्या छोट्या संघांतले आहेत, एकाच खेळाडूच्या दोन-तीन मुद्राही आहेत. संग्राहक या पसाऱ्याला राक्षस म्हणतात. पण हा आकडा फक्त पुढच्या बाजूचा. कार्ड उलटं केलं की राक्षसाला आणखी डोकी फुटतात. पाठीवर जाहिरात असते आणि जाहिराती एकूण 16 छापांच्या. पीडमाँट आणि स्वीट कॅपोरल जिथे तिथे. सॉव्हरिन, ओल्ड मिल त्यांच्या मागून. ब्रॉड लीफ, ड्रम, लेनॉक्स, उझिट यांची नावं घेताना मात्र संग्राहकाचा आवाज खाली येतो, इतकी ती विरळा. पोलर बेअर ही सिगारेट नव्हतीच, ती सुटी तंबाखू. कार्ड त्या तंबाखूतच पडून राहायचं, त्यामुळे पांढऱ्या अस्वलाच्या पाठीची कार्डं बहुतेक डागाळलेली सापडतात. मला ती सगळ्यात आवडतात. त्या डागांवर शंका घेता येत नाही.

या 16 छापांत एक आहे ‘हिंदू’. होय, हिंदू नावाची सिगारेट. तिची जाहिरात तपकिरी शाईतही आहे आणि लाल शाईतही, लाल फार दुर्मीळ. इकडे मंडालेच्या तुरुंगात टिळक ‘गीतारहस्य’ लिहीत होते आणि तिकडे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतली पोरं ‘हिंदू’च्या पाकिटातून बेसबॉलपटू काढत होती. दुसरा छाप ‘टॉलस्टॉय’. काउंट टॉलस्टॉयनं म्हातारपणी तंबाखू सोडली होती, आणि माणसं दारू-तंबाखूनं स्वतःला बधिर का करून घेतात यावर 1890 साली निबंधही लिहिला होता. 1910च्या नोव्हेंबरात तो एका आडगावच्या रेल्वे स्टेशनवर वारला. तेव्हा ही कार्डं छापून वाटली जात होती. त्याला कुणी परवानगी विचारली असेल असं मला वाटत नाही.

एकाच खेळाडूचं एकच चित्र, पण पाठ वेगळी तर कार्ड वेगळं, हा हिशेब एकदा मान्य केला की माणूस कामातून गेला. दोन संग्राहक समोरासमोर बसले की खेळाडूच्या चेहऱ्याकडे न पाहता कार्ड उलटं करतात. ज्या बाजूकडे त्या काळी कुणी ढुंकूनही पाहिलं नसेल, तीच बाजू भाव ठरवते.

चुकांचीही अशीच प्रतिष्ठा. फिलाडेल्फियाचा शेरी मॅगी. जुळाऱ्यानं त्याच्या आडनावातलं एक अक्षर बदलून टाकलं. चूक लवकर सुधारली गेली, पण सुधारण्याआधीची कार्डं पाकिटांतून निघून गेलेली. ती आता मूळ, शुद्ध कार्डाच्या कितीतरी पट महाग. जो डॉइलची गंमत याहून बारीक आहे. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा डॉइल दोन. लॅरी डॉइल नॅशनल लीगमधल्या जायंट्सचा, जो डॉइल अमेरिकन लीगमधल्या हायलँडर्सचा. छापखान्यात घोटाळा झाला आणि जोच्या चित्राखाली न्यूयॉर्कच्या पुढे नॅशनल लीगची खूण पडली. मग ती खूण खोडून नुसतं न्यूयॉर्क ठेवलं. खोडण्याआधीची कार्डं आज दहाच्या आसपास माहीत आहेत, म्हणजे वॅग्नरहूनही कमी. त्या चार-पाच अक्षरांसाठी लोक घर विकण्याइतके पैसे मोजतात. एडी प्लँकचं कार्डही असंच थोडकं, पण का, यावर अजून वाद चालतात.

वॅग्नर, प्लँक, मॅगी आणि डॉइल, हे चार मोठे. 524तून हे चार वजा केले की उरतात 520, आणि एवढी जमवली की संच पुरा झाला असं संग्राहकांनी आपसांत ठरवून टाकलंय. हा समंजसपणा मला फार भावला. चार जागा रिकाम्या ठेवून पुरं म्हणायचं, आणि त्यात कुणाला खोटं वाटत नाही.

आमच्या पिढीच्या पोरांनाही हे गणित यायचं, फक्त ते कुणी छापलं नव्हतं. सिगारेटची रिकामी पाकिटं आम्ही रस्त्यावरून वेचायचो, दोन्ही बाजू फाडून पत्ते करायचो, रिंगणात मांडायचो आणि सपाट दगडानं उडवायचो. चारमिनार, पनामा यांची किंमत सगळ्यात कमी, कारण ती पानाच्या ठेल्यापाशी ढिगानं पडायची. गोल्ड फ्लेक त्याच्या वर. आणि 555 कुणाकडे आलं तर अख्खी आळी बघायला यायची. असं पाकीट एखाद्या लग्नाच्या मांडवामागेच मिळायचं. भाव कुणी ठरवले? आम्हीच. वेचून वेचून कोणतं किती पडतं हे बोटांना कळलेलं होतं. आमची सूची तोंडी होती, म्हणून ती त्या आळीबरोबर संपली.

आता वॅग्नर. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन स्थलांतरितांचा मुलगा, जन्म 1874. बाराव्या वर्षी शाळा सोडून कोळशाच्या खाणीत लागलेला. पुढे पिट्सबर्ग पायरेट्सचा शॉर्टस्टॉप, आठ वेळा नॅशनल लीगचा पहिल्या क्रमांकाचा फलंदाज. 1909च्या ऑक्टोबरात, ही कार्डं नुकती बाजारात आली असताना, पायरेट्सनी डेट्रॉइटला हरवून जागतिक मालिका जिंकली. डेट्रॉइटकडे 22 वर्षांचा टाय कॉब होता, पिट्सबर्गकडे 35 वर्षांचा वॅग्नर, आणि त्या मालिकेत म्हातारा वरचढ ठरला. कार्डांच्या दुनियेत दोघांची तऱ्हा अगदी उलटी. कॉबची या संचात चार चित्रं आहेत, शिवाय त्याच्या नावाची तंबाखूच निघाली आणि तिची जाहिरात त्याच्याच लाल पार्श्वभूमीच्या चित्रामागे छापली गेली. पुढेही कॉब, मागेही कॉब. तसली कार्डं आज दोन डझनांच्या आगेमागे माहीत आहेत. 2016 साली एका जुन्या घरातली चुरगळलेली कागदी पिशवी फेकण्याआधी कुणी तरी उघडून पाहिली आणि आत तसली एकदम सात निघाली.

वॅग्नरनं मात्र परवानगी दिली नाही. 1912 सालच्या ‘स्पोर्टिंग न्यूज’मध्ये त्याची हकिकत आली होती. पिट्सबर्गमधला क्रीडा पत्रकार जॉन ग्रूबर याला कंपनीनं सांगितलं होतं, वॅग्नरची संमती मिळवून दे, तुला दहा डॉलर देऊ. वॅग्नरनं नकार कळवला आणि ग्रूबरचं नुकसान नको म्हणून आपल्या पदरचा दहा डॉलरचा चेक त्याला पाठवून दिला. ग्रूबरनं तो वटवला नाही, चौकटीत लावून ठेवला. नकाराचं कारण काय, यावर शंभर वर्षं भांडण आहे. आपल्या चित्रापायी पोरांनी तंबाखू घेऊ नये म्हणून, असं एक म्हणणं. कंपनीनं पैसे दिले नाहीत म्हणून, असं दुसरं. पहिल्याच्या विरुद्ध पुरावा असा की वॅग्नर स्वतः तंबाखू चघळायचा. 1948च्या सुमाराच्या एका कार्डावर तर तो तोंडात बार भरतानाच दिसतो. पण सिगारेटच्या या कार्डांच्याच वर्षांतल्या, कॅरमेलच्या गोळ्यांबरोबरच्या कार्डांवर तो आहे, आणि दहा डॉलरची गोष्ट पैशाला हपापलेल्या माणसाची वाटत नाही. स्वतः तंबाखू खाणारा बाप पोराच्या हातात पुडी दिसली की कानफटात मारतो, हे आपल्याला काही नवं नाही. मी पोरांच्या बाजूचं कारण धरतो.

नकार पोचेपर्यंत काही तावांची छपाई झालेली होती. थोडी कार्डं पाकिटांत गेलीही. आज साठाच्या आतबाहेर माहीत आहेत. बहुतेकांच्या पाठीवर स्वीट कॅपोरल, पीडमाँटवाली बोटांवर मोजण्याइतकी. याशिवाय पाच खेळाडूंची न कापलेली एक पट्टी आहे, तिच्यात वॅग्नरच्या ओळीत साय यंग आहे. ती वॅग्नरच्या घरातून आली असं सांगतात. म्हणजे कंपनीनं नमुना दाखवायला पाठवला असावा. छातीवरच्या पिट्सबर्गच्या शेवटी तेव्हा एक अक्षर कमी आहे. 1891 साली भूगोलाच्या सरकारी मंडळानं गावांची नावं एकसारखी करायच्या उत्साहात ते काढून टाकलं होतं. गाववाल्यांनी भांडून 1911च्या जुलैत परत मिळवलं. चित्राचं मूळ छायाचित्र बॉस्टनच्या कार्ल हॉर्नरचं.

या साठांतली सर्वांत प्रसिद्ध प्रत पीडमाँटची. 1985 साली ती न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडमध्ये बिल मास्ट्रो नावाच्या व्यापाऱ्यानं 25,000 डॉलरना घेतली आणि दोनेक वर्षांत 1,10,000ला विकली. 1991 साली आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकीनं भागीदारीत तिच्यासाठी 4,51,000 मोजले. कार्डांना गुण देणारी कंपनी त्याच सुमारास निघाली होती. तिनं पहिला क्रमांक याच कार्डाला दिला आणि गुण दिले आठ. एवढ्या जुन्या कार्डाच्या कडा इतक्या धारदार कशा, असं काही लोक कुजबुजत होते, पण भाव चढतच गेला. 2007 साली ते 28 लाखांवर पोचलं. 2013 साली मास्ट्रोनं लिलावातल्या फसवणुकीच्या खटल्यात गुन्हा कबूल केला आणि त्यातच सांगितलं की कडा आपण कापल्या होत्या. 2015 साली त्याला 20 महिन्यांची कैद झाली. कार्डाची किंमत मात्र काही पडली नाही. लबाडीलाही वंशावळ मिळाली की लोक तिला मान देतात.

याउलट बाल्टिमोरच्या नोत्र दाम जोगिणींकडचं कार्ड. एका जोगिणीच्या भावानं ते 1936पासून जपलं होतं आणि मरताना संस्थेला दिलं. त्याच्या तीन बाजूंच्या पांढऱ्या चौकटी कापलेल्या, मधून घडी पडलेली, आणि वर कुणी तरी हौसेनं लॅमिनेट केलेलं. 2010 साली त्याला दोन लाखांहून जास्त डॉलर आले आणि ते धर्मकार्याला गेले. कात्री दोन्ही कार्डांना लागली होती. एकाची दिसत होती, एवढाच फरक.

पण ज्याच्यामुळे हे सगळं मोजता आलं, तो माणूस यांतल्या कुठल्याच लिलावात नाही. जेफरसन बर्डिक. जन्म 1900, न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडचं सेंट्रल स्क्वेअर हे खेडं. सिरॅक्यूजच्या कारखान्यात विजेचे सुटे भाग जुळवण्याची नोकरी. लग्न नाही, भाड्याची खोली, आणि हातांची बोटं वाकवत नेणारा संधिवात. बेसबॉलचं त्याला विशेष काही नव्हतं. त्याला कार्डं लागत, सगळी. तंबाखूची, चॉकलेटची, गमची, पावाबरोबरची, शुभेच्छांची, पोस्टाची. 1937पासून तो संग्राहकांसाठी छोटं पत्रक काढू लागला आणि 1939 साली त्यानं सूचीच छापली. त्या आधी कुणाला कुठली मालिका कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे सांगता येत नव्हतं. कंपनीनं पाठीवर ‘बेसबॉल मालिका, 150 चित्रे’ किंवा ‘350 चित्रे’ एवढंच छापलेलं, नाव असं दिलंच नव्हतं. बर्डिकनं प्रत्येक जातीला अक्षर दिलं आणि प्रत्येक मालिकेला आकडा. टी म्हणजे विसाव्या शतकातली तंबाखूची कार्डं, आणि पांढऱ्या चौकटीच्या या मालिकेला आकडा मिळाला 206. आजही लाखो डॉलरची बोली लागते ती टी-206 याच नावानं.

त्याच्या सूचीत बहुतेक कार्डांचा भाव सेंटांत आहे. वॅग्नरपुढे 50 डॉलर. कारण तोवर चारी दिशांच्या संग्राहकांची पत्रं त्याच्याकडे येऊन पडलेली असायची, कुणाकडे काय आहे आणि कुणाकडे काय नाही याची. सगळ्यांकडे जे नाही, ते त्या पत्रांच्या ढिगातूनच दिसलं. मॅगीतली चूक, डॉइलच्या नावापुढची खूण, पाठीची शाई, यांना अर्थ आला तो असल्या हिशेबी नजरेमुळे. ती नसती तर डॉइलची कार्डं आहेत तेवढीच असती, फक्त ती निराळी आहेत हे जगाला कळलं नसतं.

1940च्या दशकाच्या अखेरीस त्यानं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधल्या मुद्राचित्रांचे प्रमुख ए. हायट मेयर यांना संग्रह देऊ केला. तीन लाखांहून जास्त नग. संग्रहालयाची अट अशी की लावून द्यायचं काम देणाऱ्यानं करावं. मग हा माणूस दुखऱ्या हातांनी वर्षानुवर्षं तिथे बसून अल्बममध्ये कार्डं लावत राहिला, शेवटी तर त्यासाठी न्यूयॉर्कलाच येऊन राहिला. 1963च्या जानेवारीत शेवटचं कार्ड लागलं, तेव्हा आपण आता परत येणार नाही असं त्यानं सांगितलं आणि रुग्णालयात दाखल झाला. दोन महिन्यांनी वारला. संग्रहालयाकडून त्यानं पैसे घेतले नाहीत. त्याचा वॅग्नर तिथेच आहे, त्यावर बोली लागायची सोय नाही.

एकच गोष्ट मला खुपते. कार्डं त्यानं अल्बमच्या पानांवर डकवली आहेत. चित्र वर, पाठ कागदाला. ज्या बाजूसाठी आजचे संग्राहक जीव टाकतात, ती बाजू सूचीकारानंच झाकून टाकली. त्याच्या काळी ती जाहिरातच होती. तिच्यावर एवढं वेड लागेल असं त्याला तरी कुठून सुचणार?

तेव्हा तुमच्या घरी कुणी काड्यापेट्यांची छापं, बसची तिकिटं, क्रिकेटपटूंची चित्रं जमवत असेल, तर ‘याचा उपयोग काय’ असं विचारू नका. त्याला एक वही द्या आणि कुठून आलं, केव्हा आलं, किती आहेत हे तिच्यात लिहायला सांगा. कडा सरळ करायला कात्री लावू नका, लॅमिनेट करू नका, पाठीवर पेननं लिहू नका. आणि बर्डिकची माफी मागून सांगतो, गोंदही लावू नका.